पालक, बीट, खजूर खाऊनही रक्त का वाढत नाही?

एका शिक्षिकेने विचारले आहे: "वय 34, वजन 52 किलो, पूर्ण शाकाहारी, अंडेही खात नाही. मागच्या वर्षी हिमोग्लोबिन 9.1 निघाले. तेव्हापासून आठ महिने रोज पालकाची भाजी नाहीतर सूप, बीटचा रस, चार खजूर, गूळ-शेंगदाणे आणि भिजवलेले अंजीर खाते. परवा तपासले तर 9.3. सासूबाई म्हणतात गोळ्या उष्ण पडतात, खाण्यातूनच रक्त वाढव. मी कुठे कमी पडते आहे?"

ताई, शाळेच्या गडबडीत आठ महिने रोज बीट किसून रस काढायचा म्हणजे थोडे काम नाही. तुमच्या मेहनतीत खोट नाही. पण जे पदार्थ तुम्ही निवडले त्यांत लोह थोडे आहे, आणि जे आहे त्यातले बहुतेक आतड्यातून तसेच पुढे निघून जाते. मी 22 वर्षे आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, आधी तालुक्याच्या गावी आणि आता शहरात. "अंगात रक्त नाही" म्हणून येणाऱ्या कितीतरी जणी नेमकी हीच यादी सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता. तुमच्या स्टाफरूममध्ये दहा बायका असतील, तर त्यातल्या पाच-सहा जणींना हाच प्रश्न असू शकतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शरीराचा हिशोब पाहू. बाईच्या अंगात एकूण लोह जेमतेम अडीच-तीन ग्रॅम असते, आणि त्यातले बरेचसे हिमोग्लोबिनमध्ये. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ती मोडली की तिच्यातले लोह शरीर काढून घेते आणि नव्या पेशीत वापरते. असे रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लोह आतल्या आत फिरत असते. बाहेर जाते ते फार थोडे. त्वचा, आतड्याचे अस्तर यांच्या झिजेतून रोज एक मिलिग्रॅमच्या आसपास, आणि पाळी येणाऱ्या बाईचे त्याच्या वर पाळीतले. जास्तीचे लोह लघवीतून टाकून देण्याची सोय शरीरात नाही, आणि साठत गेलेले लोह यकृताला, हृदयाला अपाय करते. त्यामुळे शरीर सगळा बंदोबस्त आत येण्याच्या दारावरच ठेवते. ते दार म्हणजे लहान आतड्याचा जठराला लागून असलेला सुरुवातीचा भाग. लोह तिथे शोषले गेले तर गेले, पुढच्या लांबलचक आतड्यात फारसे काही होत नाही.

या दारातून लोह दोन वाटांनी आत येते. मटण, काळीज, मासे यांतले काही लोह हिमोग्लोबिनसारख्याच वेष्टनात असते, त्याला हीम लोह म्हणतात. ते वेष्टनासकट पेशीत शिरते आणि आत गेल्यावर मोकळे होते. ताटातल्या इतर पदार्थांशी त्याची फारशी गाठ पडत नाही, म्हणून 15 ते 35 टक्क्यांपर्यंत शोषले जाते. धान्य, डाळी, भाज्या, गूळ, सुकामेवा यांतले सगळे लोह मात्र दुसऱ्या प्रकारचे, नॉन-हीम. ते अन्नात ज्या रूपात असते त्या रूपात आतड्याला घेता येत नाही. जठरातल्या आम्लात ते आधी विरघळावे लागते, मग त्याचे रूप बदलावे लागते, तेव्हा कुठे त्याला पेशीत घेणारे प्रथिन हात देते. या सगळ्या प्रवासात ते उघडे असते. शेजारी धान्यातले फायटेट असेल, चहातले टॅनिन असेल, तर ते लोहाला धरून बसतात आणि ती गाठ आतड्याला सुटत नाही. शेजारी लिंबू, आवळा, पेरू असेल तर क जीवनसत्त्व लोहाचे रूप बदलून त्याला विरघळलेले ठेवते. म्हणून एकाच भाकरीतले लोह एका ताटात दोन टक्के शोषले जाईल आणि दुसऱ्या ताटात दहा टक्के.

आपल्या धान्यावर आधारलेल्या जेवणात हे शोषण किती धरायचे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 साली शिफारशी सुधारल्या तेव्हा 8 टक्के धरले आणि प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह सांगितले. पुरुषासाठी 19. ताटात 29 असावे लागते ते अंगात सव्वादोन-अडीच पोहोचावे म्हणून.

आता तुमची यादी घेऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे 3 मिलिग्रॅम लोह आहे. पालकाची मोठी जुडी शिजून वाटीभर होते, त्यामुळे एका माणसाच्या वाट्याला यापेक्षा जास्त येत नाही. बीटमध्ये 100 ग्रॅमला एक मिलिग्रॅमही नाही. बीटचा लाल रंग हा त्याचा स्वतःचा रंग आहे, रक्ताच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. डाळिंबाचेही तेच, त्यात तर बीटपेक्षाही कमी. गुळाचा खडा 10 ग्रॅमचा धरला तर त्यातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि गूळ पोटभर खाण्याची वस्तू नाही. मूठभर शेंगदाण्यांतून एक मिलिग्रॅमच्या आसपास, चार खजूर आणि दोन अंजिरांतून जेमतेम तेवढेच. सगळी बेरीज सहा-सात मिलिग्रॅमवर थांबते. त्यातले शंभराला पाच-सात शोषले गेले असे धरले तरी रक्तात रोज अर्धा मिलिग्रॅमही पोहोचत नाही. पालकाच्या बाबतीत तर त्यातले कॅल्शियम आणि पॉलिफेनॉल (टॅनिनच्याच जातीचे पदार्थ) स्वतःच आडवे येतात. पालक वाईट नाही, फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वासाठी जरूर खा. पण रक्त वाढवण्याचा भार त्याच्यावर टाकू नका. त्याच्या जागी कधी माठ, कधी राजगिऱ्याची पाने घेतलीत तर तेवढ्याच भाजीतून लोह थोडे अधिक मिळेल.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला कुठेच दिसली नाही: तुम्ही रोज पोटभर काय खाता? पोळी, भात, भाकरी, आमटी. लोहाचा खरा पुरवठा इथून होतो, कारण हे आपण मुठीने नव्हे, ताटाने खातो. बाजरीत 100 ग्रॅमला साडेसहाच्या आसपास, नाचणीत साडेचारच्या पुढे, गव्हाच्या कणकेत आणि ज्वारीत चारच्या जवळ. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात पाऊणही नाही. बाजरीच्या दोन भाकऱ्यांत तुमच्या पालक, बीट आणि गुळापेक्षा जास्त लोह असते. पोळी-भातावरून दिवसातून एक वेळ भाकरीवर येणे हा बदल साधा वाटतो, पण माझ्या अनुभवात आहारातला सर्वांत टिकाऊ बदल तोच ठरतो, कारण त्यासाठी वेगळे काही बनवावे लागत नाही.

इथे आपल्याच मातीतली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 2012 साली महाराष्ट्रात 'धनशक्ती' नावाचे बाजरीचे वाण आले. इक्रिसॅट ही हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कामातून निघालेले. नेहमीच्या निवड पद्धतीनेच त्यातले लोह वाढवले आहे, किलोमागे 70 मिलिग्रॅमच्या आसपास. पुढे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात 12 ते 16 वयाच्या शाळकरी मुलांना सहा महिने अशा जादा लोहाच्या बाजरीच्या भाकऱ्या दोन वेळा आणि जोडीला त्याच बाजरीची शेव देऊन पाहिली. दुसऱ्या गटाला साधी बाजरी. सुरुवातीला ज्यांचे लोह कमी होते, त्यांच्यात लोह भरून येण्याची शक्यता जादा लोहाच्या बाजरीच्या गटात सुमारे 1.6 पट दिसली. हे निकाल 2015 साली प्रसिद्ध झाले. मी हे मुद्दाम सांगते, कारण इथे मुलांना कुठलेही नवे फळ किंवा पावडर दिलेली नव्हती. रोजची भाकरी रोजच्याच प्रमाणात होती, आणि तिला महिने द्यावे लागले.

पण भाकरीबरोबर फायटेटही येते. धान्याच्या टरफलात, अंकुराजवळ, आणि कडधान्याच्या दाण्यात ते भरपूर असते. बीज रुजताना लागणारा फॉस्फरस त्यात साठवलेला असतो. दाण्याला ओल लागून मोड यायला लागले की दाणाच फायटेज नावाचे विकर तयार करून ते मोडायला घेतो. आपल्या घरात हे ज्ञान पूर्वीपासून आहे, त्याचे कारण कोणी सांगितले नसेल एवढेच. मटकी रात्री भिजत घालून सकाळी उपसायची, ओल्या फडक्यात गच्च बांधून कोपऱ्यात ठेवायची, दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढे मोड. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळायची, हे बाळाच्या सत्त्वासाठी केले जाते, ते बाळाच्या आईसाठीही करा. आंबवण्याने तेच काम आणखी पुढे जाते. इडली-डोशाचे पीठ आहेच, पण आपली ज्वारीची किंवा नाचणीची आंबील घराघरातून जवळजवळ गेली याचे मला मनापासून वाईट वाटते. नाचणीचे पीठ रात्री पाण्यात कालवून उबेला ठेवले की सकाळी त्याला हलका आंबूस वास येतो, वर बारीक बुडबुडे दिसतात. ते बुडबुडे दिसले की समजा फायटेट मोडायला लागले आहे. नाचणीत टॅनिनही असते आणि ते आंबवून पूर्ण जात नाही, म्हणून केवळ नाचणीवर विसंबून राहू नका. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, लोहासाठी बाजरी पुढे.

पोह्यांबद्दल लोक चकित होतात. तांदळात लोह नगण्य, पण पोह्यांत त्याच्या कितीतरी पट असते, कारण भाजण्याच्या आणि चेपण्याच्या प्रक्रियेत ते लोखंडाच्या संपर्कात येतात. वरून लिंबू पिळायचे ही तर आपली रीतच. म्हणजे कांदेपोहे हा लोहाच्या दृष्टीने चांगला नाश्ता आहे. आणि लगेच त्याच्या शेजारी आपण काय ठेवतो? चहाचा कप.

चहाविषयी मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण शाकाहारी बाईच्या ताटात लोहाची सर्वांत मोठी नासाडी इथे होते. चहातले टॅनिन नॉन-हीम लोहाला घट्ट धरते. जेवणाबरोबर घेतलेला एक कप चहा त्या जेवणातल्या लोहाचे शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. कॉफी त्याहून थोडी कमी, पण तीही आणतेच. दूध घातल्याने चहाचा हा गुण जात नाही, आणि ग्रीन टीही याला अपवाद नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक कांदा काढणीला जाणारी बाई यायची. हिमोग्लोबिन साडेआठ. तिला मी काय खाता विचारले, तर म्हणाली, "भाकरी, कालवण, कधी मेथी, कधी चवळी." ताटात खोट काढण्यासारखे काही नव्हते. मग मी तिला पहाटेपासूनचा दिवस सांगायला लावला. पाचला उठल्यावर चहा. सातला भाकरी आणि चहा, चहात भाकरी बुडवून. शेतावर दहाला मालकाकडचा चहा. एकला जेवण, आणि जेवणानंतर मुकादम बांधावर किटली घेऊन यायचा. चारला पुन्हा. लोह असलेला प्रत्येक घास चहाबरोबर जात होता. चहा सोडा असे मी तिला सांगितले नाही, दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला तेवढाच आधार असतो. दोनच गोष्टी सांगितल्या: सातची भाकरी चहात न बुडवता कालवणाबरोबर, आणि दुपारचा कप जेवणाला लागून न घेता चारपर्यंत ढकलायचा. पेरूचे दिवस होते, जेवणाबरोबर एक पेरू. गोळ्याही चालू होत्याच, म्हणून सगळे श्रेय चहाच्या वेळेला देता येणार नाही. पण याच गोळ्या तिने आधीही तीन महिने चहाबरोबर घेतल्या होत्या आणि रक्त तसूभर हलले नव्हते. या वेळी तीन महिन्यांत अकराच्या पुढे गेले.

तुमच्यासाठी नियम एवढाच: जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर दीड-दोन तास चहा-कॉफी नको. मधल्या वेळी खुशाल घ्या. शाळेत मधल्या सुट्टीत डबा आणि चहा एकत्र होत असेल, तर चहा शेवटच्या तासाआधीच्या रिकाम्या वेळेवर न्या.

कॅल्शियमही लोहाच्या आड येते, आणि त्याच्यापुढे हीम लोहाचीही सुटका नाही. रोजच्या मिश्र जेवणात ताक, दह्याने फार बिघडत नाही, तेवढ्यासाठी ताटातले दही काढू नका. पण कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र गिळणे म्हणजे दोन्हींतली एक वाया घालवणे. गरोदर बाया हमखास हे करतात, कारण दोन्ही पाकिटे एकाच पिशवीत मिळतात आणि जेवण झाले की एकदमच घेतली जातात. एक सकाळी, दुसरी रात्री असे वेगळे करा.

क जीवनसत्त्वाचे मोजमापही नीट धरा. आमटीवर लिंबाचे चार थेंब चवीला पुरतात, लोहाला कमी पडतात. अर्ध्या लिंबातून मिळणारे क जीवनसत्त्व दहा मिलिग्रॅमच्या आसपास असते. मध्यम पेरूत 200 पर्यंत जाते, आवळ्यातही तसेच भरपूर. कच्ची कोबी, टोमॅटो, ढोबळी मिरची यांची कोशिंबीरही कामाची. दोन अटी: ते त्याच जेवणात हवे, कारण सकाळच्या आवळ्याचा दुपारच्या भाकरीला उपयोग नाही, आणि ते शिजवू नका, उष्णतेने ते जाते. लिंबू भांडे गॅसवरून उतरवल्यावर, शक्यतो ताटात पिळा. मोरावळा उकळून केलेला असतो, तो यासाठी मोजू नका.

लोखंडी कढईबद्दल मत विचारतात, तर माझे मत चांगलेच आहे. टोमॅटो, चिंच, आमसूल घातलेले आंबट पदार्थ लोखंडी कढईत शिजले की त्यात लोह उतरते. भाजी काळपट पडते ती त्यामुळेच. शिजले की लगेच काढून ठेवा, आंबट पदार्थ रात्रभर त्यात राहू देऊ नका, गंज चढलेली कढई घासून, तेल लावून मगच वापरा. उतरलेले लोह नॉन-हीमच असते, तेव्हा चहाचे आणि लिंबाचे सगळे नियम त्यालाही लागू.

तुमच्या घरी कोणी मांसाहारी असेल तर त्यांच्यासाठी थोडक्यात. मटण किंवा मासे स्वतःचे लोह देतातच, शिवाय त्याच ताटातल्या भाकरीतले लोहही जास्त शोषले जाते. त्यासाठी वाटीभर फोडी लागत नाहीत, 50 ग्रॅमही पुरतात. कोकणात तिसऱ्या (शिंपल्या) आणि सुकट मिळतात, या दोन्हींत लोह चांगले. नुसत्या रश्शात मात्र फारसे काही उतरत नाही. घरात सगळ्यांना फोडी आणि सुनेच्या वाट्याला रस्सा असे ताट मी खूप ठिकाणी पाहिले आहे, आणि ते बदलायला हवे असे मी त्या त्या घरातल्या मोठ्यांना तोंडावर सांगते. पाया सूपनेही रक्त वाढत नाही, हाडांतून सूपमध्ये फारसे लोह उतरत नाही. अंडे प्रथिनांसाठी छान, पण बलकातले लोह नीट शोषले जात नाही. काळीज लोहाने समृद्ध असले तरी त्यात अ जीवनसत्त्व फार असते, म्हणून गरोदरपणात ते वारंवार नको.

आता तुमचा मूळ प्रश्न: खाण्यातूनच वाढेल का? हिशोब करून पाहू. 52 किलोच्या बाईच्या अंगात साधारण 3.4 लिटर रक्त असते. हिमोग्लोबिन 9.3 वरून 12.3 करायचे तर दर 100 मिलिलिटरमागे 3 ग्रॅम, म्हणजे एकूण सुमारे 100 ग्रॅम हिमोग्लोबिन नवे बनवायचे. एका ग्रॅमला 3.4 मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे साडेतीनशे मिलिग्रॅम नुसते रक्तासाठी. त्याआधीच रिकामा झालेला यकृतातला साठा भरायला आणखी तीनशे. आहारात वर सांगितलेले सगळे बदल केलेत आणि खर्च वजा जाऊन रोज एक मिलिग्रॅम शिल्लक पडायला लागले, तरी जवळजवळ दोन वर्षे लागतील. प्रत्यक्षात एवढी शिल्लक पडणेही अवघड आहे. म्हणून 9.3 ला गोळी घ्यावीच लागते. चांगल्या आहाराने भरलेला साठा टिकतो, पण एवढा मोठा खड्डा त्याने वेळेत भरत नाही.

सासूबाईंचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. गोळीने जळजळते, मळमळते, शौच काळी आणि घट्ट होते, आणि त्यालाच त्या उष्ण पडणे म्हणतात. हा त्रास खरा आहे आणि त्यावर उपायही आहे. एका मोठ्या मात्रेनंतर यकृत हेपसिडिन नावाचे संप्रेरक सोडते. ते आतड्याच्या पेशीतून रक्तात लोह सोडणारा मार्ग सुमारे एक दिवस बंद ठेवते. त्यामुळे एकाच दिवशी दोन-तीन गोळ्या घेतल्या तर दुसऱ्या-तिसऱ्या गोळीतले थोडेच आत जाते, बाकीचे आतड्यात राहून त्रास देते. लोह कमी असलेल्या स्त्रियांवरच्या अभ्यासांत एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतले लोह जास्त प्रमाणात शोषले गेलेले दिसले आहे. तुम्हाला रोज हवी की एकाआड, हे डॉक्टर ठरवतील, पण त्रासामुळे गोळी बंद करण्याआधी त्यांना हा पर्याय जरूर विचारा. घ्यायची पद्धत: सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, चहाच्या तासभर आधी. मळमळ होत असेल तर रात्री झोपताना, थोडे खाऊन. शौच काळी होणे अपेक्षितच आहे, घाबरू नका. हिमोग्लोबिन 12 झाले की थांबू नका, साठा भरायला पुढे तीन महिने लागतात. बहुतेक जणी इथेच थांबतात आणि वर्षभरात पुन्हा 9 वर येतात.

आणखी एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तो मी विचारते, कारण माझ्याकडून एकदा तो राहून गेला होता. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात चाळिशीच्या एका बाईला मी सहा महिने नुसते आहाराचे तक्ते देत राहिले. दर महिन्याला आकडा तिथेच, आणि मी दर महिन्याला तक्ता आणखी कडक करत गेले. शेवटी एका परिचारिकेने तिला पाळीबद्दल विचारले. आठ दिवस चालायची, रक्ताच्या गाठी पडायच्या, रात्री उठून कपडा बदलावा लागायचा. सोनोग्राफीत गर्भाशयात मोठी गाठ निघाली. तिने मला सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते. तेव्हापासून ताटाआधी मी पाळीचे विचारते. साध्या पाळीत 40 मिलिलिटर रक्त गेले तर महिन्याला 16 मिलिग्रॅमच्या आसपास लोह जाते. 100 मिलिलिटर जात असेल तर 40. एवढी गळती कुठल्याही पालेभाजीने भरून निघत नाही.

गळतीच्या इतर जागाही आहेत: मूळव्याध, अनवाणी शेतात जाणाऱ्यांत आतड्यातले रक्त शोषणारे अंकुशकृमी, वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्याने जठरातून झिरपणारे रक्त. पाळी थांबलेल्या बाईला किंवा पुरुषाला लोहाची कमतरता निघाली, तर आहाराकडे वळण्याआधी पोट-आतड्याची तपासणी झालीच पाहिजे. काही वेळा गळती नसते, पण शोषणच बिघडलेले असते. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या जठरात आम्ल कमी पडते आणि लोह विरघळतच नाही. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचे अस्तर खराब होणारा सिलियाक हा आजारही असू शकतो. तुम्ही पूर्ण शाकाहारी आहात, म्हणून बी-12 ही पाहायला हवे. ते कमी असेल तर लोह असूनही रक्त बनत नाही. आणि एखादीला थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, वाहकपणा असतो. तिच्या पेशी लहान दिसतात, पण लोहाचा साठा व्यवस्थित असतो, तिला लोहाच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि विनाकारण लोह देणे बरेही नव्हे.

म्हणून नुसते हिमोग्लोबिन तपासून भागणार नाही. पूर्ण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि बी-12 एवढे तरी करा. फेरिटिन म्हणजे साठ्याचा अंदाज. ते 15 च्या खाली असेल तर साठा संपलेला, 30 च्या खालीही प्रत्यक्ष कामात आम्ही कमतरताच धरतो. ताप, सांधेदुखी, कुठला संसर्ग चालू असेल तर ते खोटे वाढलेले दिसते, तेव्हा बरे असताना तपासा.

उद्यापासून काय करायचे ते एका दिवसाच्या रूपात सांगते. उठल्यावर गोळी लिंबूपाण्याबरोबर, डॉक्टरांनी सांगितली असेल त्या दिवशी. तासाभराने चहा. त्यानंतर आणखी तासाने, शाळेला निघण्याआधी, लिंबू पिळलेले पोहे किंवा मोडाच्या मुगाचे धिरडे, त्या वेळी चहा नाही. डब्यात बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, आणि हंगामात पेरू, नाहीतर चिरलेली कोबी-टोमॅटो लिंबू पिळून. चहा साडेतीनला. रात्री आमटी-भात, माठाची नाहीतर मेथीची भाजी, लोखंडी कढई असेल तर त्यात. दूध झोपताना. बीटचा रस आवडत असेल तर घ्या, नसेल तर ती अर्ध्या तासाची झोप घ्या, तिचा उपयोग जास्त आहे. खजूर दोन पुरेत.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. किमान एक ग्रॅमने वाढायला हवे. वाढले नाही, तर आधी गोळी खरोखर कशी आणि किती दिवस घेतली गेली ते पाहू, मग गळती शोधू. तोवर पुढच्या पाळीत किती दिवस जास्त जाते, दिवसाला किती पॅड लागतात, गाठी पडतात का, ॲसिडिटीची किंवा दुखण्याची एखादी गोळी नेहमी घेता का, हे वहीत लिहून ठेवा आणि फेरिटिनच्या रिपोर्टबरोबर तुमच्या डॉक्टरांना दाखवा.